आधी साल विचारायचं

गॅरेजात गाडी आली की मी गाडीला हात लावत नाही. आधी मालकाला विचारतो, "साल कोणतं?" पुष्कळांना वाटतं, हा मिस्त्री गाडीची किंमत करतोय. काहींना राग येतो. एका मुलाच्या मामांनी तर मला सुनावलं होतं, "मिस्त्री, गाडी दुरुस्त करायचीय, सोयरीक न्हाई जमवायची." मी त्यांना म्हणालो, "मामा, सोयरीकच जमवायचीय. म्हणून तर विचारतोय."

लातूरला बसस्थानकापासून थोडं आत माझं गॅरेज आहे. जुन्या स्पोर्ट बाईक हे माझं खास काम. गावात शिकवणीचे वर्ग पुष्कळ, त्यामुळे पोरंही पुष्कळ. पोरं आली की त्यांच्या मागून तसल्या गाड्या येतात. पोरगं शिकून पुण्याला जातं आणि गाडी इथंच राहते. मग ती दुसरा घेतो, तिसरा घेतो. एकेका गाडीचे इतके मालक मी पाहिलेत की गाडी ओळखीची असते आणि मालक नवा.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आमचं गाव निलंगा तालुक्यात. वडील लातूरच्या डाळ मिलमध्ये पोती उचलायचे आणि मी त्यांच्या खोलीवर राहून कॉलेज केलं. पदवी झाल्यावर नोकरी शोधली, ती काही लागली नाही. मग नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. गावात लोक म्हणाले, शिकून पाना धरला. वडील मात्र म्हणाले, "हातानं काम करणारे घरात लई झाले. डोक्यानं हात चालवणारा तू पहिला हाईस." हे वाक्य मी आजही कधी कधी मनात म्हणून बघतो. बाजारात लोक मला 'बीएस्सी मिस्त्री' म्हणतात. आधी चिडवून म्हणायचे, आता पत्ता सांगताना म्हणतात.

उस्तादांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं, "पहले साल पूछ बाबा, फिर पाना उठा." त्यांचं जुन्या पार्टचं दुकान होतं, अजून आहे. मोडलेल्या गाड्या घ्यायच्या, चांगले भाग काढायचे, पुसून मांडायचे आणि ज्याला लागेल त्याला द्यायचे. हे काम सोपं वाटतं. पण एकाच नावाची, एकाच तोंडवळ्याची गाडी कंपनी दरसाल थोडी थोडी बदलत असते. कधी दिवा बदलतो, कधी साखळीचं चक्र, कधी वायरचं टोक. बाहेरून कळत नाही. गेल्या सालचा भाग या सालच्या गाडीला बसतो. नुसता बसत नाही, तर अगदी झकास बसतो. खरा धोका तिथंच आहे. जो भाग बसतच नाही तो निरुपद्रवी. तुम्ही तो परत नेऊन देता. जो बसतो आणि जुळत नाही, तो छळतो.

देगलूरकडून एक जण यायचे. त्यांच्या गाडीची टाकी एका सालची, पुढचं चाक दुसऱ्या, मीटर तिसऱ्या. मी विचारलं, "दादा, हिचं साल काय सांगू?" ते म्हणाले, "आमच्या एकत्र कुटुंबासारखी हाय. कागदावर थोरल्याचं नाव." ती गाडी उत्तम चालायची, कारण ज्यानं ती जोडली त्यानं प्रत्येक भागासोबत त्याचा जोडीदारही आणला होता. आमच्या धंद्याचं गुपित म्हणाल तर एवढंच. एकटा भाग आणायचा नाही, जोडी आणायची.

हे सगळं सांगायचं कारण माणिककाका.

माणिककाका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. अंगानं भरदार, मिशा पांढऱ्या, आवाज बसच्या इंजिनावर मात करायची सवय असलेला. ते पहिल्यांदा आले ते एक लाल स्पोर्ट बाईक ढकलत. मला वाटलं मुलाची किंवा नातवाची असेल.

"माझीच हाय," ते म्हणाले. "कामून? मला शोभत न्हाई का?"

"शोभते की काका. साल कोणतं?"

"माझं का गाडीचं?"

त्यांची हकीकत अशी. सगळी नोकरी बसच्या उंच सीटवर बसून त्यांनी खालून सर्रकन जाणाऱ्या पोरांच्या गाड्या पाहिल्या. वळणावर ती पोरं जशी अंग टाकतात तसं एकदा आपणही टाकावं, ही त्यांची जुनी इच्छा. आणि दुसरी इच्छा त्याहून मोठी. काकू, म्हणजे सुमनबाई, आयुष्यभर त्यांच्या बसमध्ये बसल्या त्या प्रवासी म्हणून. हे पुढं जाळीआड, त्या मागं गर्दीत. निवृत्त झाल्यावर आपल्या गाडीवर फक्त आपल्या बायकोला बसवून लेकीच्या गावाला, निलंग्याला न्यायचं, असं काकांनी ठरवलं होतं. म्हणून एका शिकवणीच्या पोराकडून ही गाडी घेतली.

पण गाडी निलंग्याला पोचत नव्हती. सकाळी चालू व्हायची, गावात गुमान चालायची, मोकळा रस्ता लागून जरा वेग घेतला की धडधडायची, सायलेन्सरमधून फटाके वाजवायची आणि बंद पडायची. दोनदा औशाच्या पुढं बंद पडली, दोन्ही वेळा काकू मागं होत्या. दुसऱ्या खेपेला तर निलंग्याची एसटीच आली. ड्रायव्हर काकांच्या हाताखाली तयार झालेला. त्यानं बस थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, राम राम! गाडी टपावर टाकू का?"

सगळी बस हसली. काकू उठल्या, पदर खोचला आणि बसमध्ये चढून बसल्या. काका रस्त्यावर गाडीजवळ उभे. बस हलली तेव्हा काकूंनी खिडकीतून सांगितलं, "या सावकाश. घाई न्हाई."

आता लेकीला मुलगा झाला होता. पुढच्या आठवड्यात बारसं होतं. काकूंनी शेवटचा निकाल दिला होता, तो त्यांनी माझ्यासमोर गॅरेजात येऊन पुन्हा एकदा सांगितला.

"मिस्त्री, बारशाला मी ह्यांच्यामागं बसन. एकदाच. रस्त्यात बंद पडली तर भंगारवाला सांगून ठेवलाय. नि दुसरी गोष्ट. ही मागची सीट हाय का माळा? माळ्यावर चढल्यागत बसावं लागतंय. ह्यांनी ब्रेक मारला की मी ह्यांच्या डोक्यावर."

काका म्हणाले, "अगं, स्पोर्ट गाडीला असंच असतंय."

"मग स्पोर्टवाल्यांनी एकट्यानं फिरावं."

मला हसू आवरेना, पण काकांचा चेहरा पाहिला आणि आवरलं. त्यांना खरंच काळजी लागली होती.

आधीच्या मिस्त्र्यांनी सगळ्यांनी कार्बोरेटर धुतला होता. वेगात गाडी धडपडली की पहिला संशय तिथंच जातो. मीही उघडला, तो इतका स्वच्छ होता की त्यात पाणी प्यावं. मग मी काकांना मागं बसवून चक्कर मारली. नंतर त्यांना चालवायला दिली. ते सीटवर बसले, गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं काका?"

"काय न्हाई. बसलास का?"

"बसलो. चला की."

तरी हलेनात. शेवटी मी मागच्या सीटवर दोनदा थाप मारली आणि गाडी झटक्यात निघाली. परत आल्यावर त्यांनीच ओशाळून खुलासा केला. कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय हाडात गेली होती. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. एकटे असले की चालतंय, पण मागं माणूस बसलं की त्यांचा हात घंटीची वाट बघतो.

मी त्यांना चहा दिला आणि आमचा नेहमीचा प्रश्न विचारला. त्रास कधी सुरू झाला, आणि त्याच्या आधी काय बदललं?

"काहीच न्हाई बदललं. पावसाळ्यात मॅग्नेट खराब झालं, तेवढं टाकलं. माझ्या दोस्ताची अशीच गाडी पडून होती, तिचं काढलं. आमच्या डेपोत हेच. एक बस उभी राहिली की तिचं काढून दुसरीला. स्क्रू न् स्क्रू बसला बग."

"दोस्ताची गाडी कोणत्या सालची?"

"साल? दिसायला सेम टू सेम."

मी खाली वाकून काकांच्या गाडीचा चेसिस नंबर पुसला. त्या नंबरात एक अक्षर सालाचं असतं. स्टिकर खोटं बोलू शकतो, रंग खोटं बोलू शकतो, ते अक्षर खोटं बोलत नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं. गाडी मधल्या सालची होती.

मधलं साल म्हणजे काय ते सांगतो. कंपनी गाडीचं रूप बदलते तेव्हा जुनं इंजिन कारखान्यात शिल्लक असतं. मग काही दिवस अशा गाड्या निघतात की अंगावर नवे कपडे आणि पोटात जुनं इंजिन. लग्नात नवा कोट घालून आलेल्या चुलत्यासारखं. बघणारा कोट बघून बोलतो. दुकानदार तिला नव्या सालचे भाग देतो, मालक नव्या सालचे भाग टाकतो आणि ती बिचारी आतून जुनी.

मॅग्नेट इंजिनासोबत फिरतं. त्याच्या कडेला एक बारीकसा उंचवटा असतो. तो फिरत एका ठराविक जागेसमोरून गेला की त्याचा इशारा एका छोट्या बॉक्सला मिळतो आणि बॉक्स ठिणगीचा हुकूम देतो. जुन्या सालचा उंचवटा लांब, नव्याचा आखूड. काकांनी टाकलेलं मॅग्नेट उघडून पाहिलं, तर उंचवटा आखूड, म्हणजे नव्या सालचं; बॉक्स मात्र जुन्या सालचाच राहिला होता. इशारा एका भाषेत आणि ऐकणारा दुसऱ्या. हळू चालताना निभायचं, वेगात ठिणगी भलत्याच वेळी पडायची.

काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे कंडक्टर एका डेपोचा, ड्रायव्हर दुसऱ्या. हा घंटी मारतोय थांब म्हणून अन् तो समजतोय चल."

इतक्या सोप्या शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं. आता मी सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांच्याच शब्दांत सांगतो.

लातुरात जुन्या सालचं मॅग्नेट मिळालं नाही. नांदेडला उस्तादांकडं जाणं भाग होतं. काका म्हणाले, मीही येतो. दोघं एसटीनं निघालो. तो प्रवास मी विसरणार नाही. प्रत्येक वळणावर काकांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबायचा. समोरून ट्रक आला की "डावीकडं घे, डावीकडं" असं पुटपुटायचे. पुढच्या सीटवरची बाई शेवटी वळून म्हणाली, "अवो, तुम्हाला चालवायची असंल तर पुढं जा ना, आम्हाला कामून ताप देऊन राहिले?"

उस्ताद आता थकलेत. दुकान त्यांचा मुलगा बघतो. ते दारात खुर्ची टाकून बसतात, डोळ्यांना कमी दिसतं. मी पाया पडलो तर म्हणाले, "कौन? बीएस्सी? अरे, तेरा पाना चलरा क्या अच्छा?"

"चलरा उस्ताद, आपकी मेहरबानी."

मुलानं आतून चार-पाच मॅग्नेट आणून पोत्यावर ठेवली. सगळी एका रंगाची, एका मापाची. उस्तादांनी एकेक मांडीवर घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. दोन बाजूला सारली. तिसऱ्यावर अंगठा थांबला. "ये ले. अव्वल साल की." म्हणजे पहिल्या, जुन्या सालचं. मी पट्टी लावून मोजलं. पट्टी आणि अंगठा यांचं एकमत झालं. माझी पदवी मला मोजायला शिकवते आणि उस्तादांनी काय मोजायचं ते शिकवलं. दोघांचाही मी ऋणी आहे.

निघताना काकांची नजर वर गेली. छताच्या आकड्याला एक लांब, सपाट, एकसंध सीट लटकत होती. या गाडीची अगदी पहिल्या सालातली. तेव्हा दोन सीटा वेगळ्या नव्हत्या, माळाही नव्हता. काका तिच्याकडं असे बघत राहिले की उस्तादांच्या मुलानं न विचारताच ती खाली काढली.

"बसंल का रे?" काकांनी मला हळूच विचारलं.

मी सांगितलं की बघावं लागेल. सीट एकटी येत नसते, आपलं सगळं माहेर घेऊन येते. तिच्या बाजूच्या पट्ट्या, मागचं कुलूप, धरायची दांडी, साडीगार्ड, सगळं त्याच सालचं लागतं. आणि फ्रेमवर ती अडकवायला कान लागतात. नव्या रूपाच्या गाडीला ते कान नसतात. मग मला आठवलं की हिचे नुसते कपडे नवे आहेत. आम्ही सगळं माहेर पोत्यात बांधलं आणि परतीच्या एसटीत चढलो. सीट काकांनी मांडीवर घेतली, नातू असल्यासारखी.

लातूरला येऊन मी मागचं प्लास्टिक उतरवलं. खाली फ्रेमवर ते दोन्ही कान होते, धुळीनं भरलेले. इतके दिवस कपड्याखाली झाकलेले. मी काकांना बोलावून दाखवले. त्यांनी रुमालानं ते पुसले. "आतून आपलीच निघाली की रे," एवढंच म्हणाले.

मॅग्नेट बसवलं. सीट बसली, कुलूप लागलं, साडीगार्ड जागेवर गेलं. औशापर्यंत मी स्वतः पळवून आणली. एकही फटाका वाजला नाही. तरी मी सगळे नट पुन्हा एकदा आवळले. मोकळी गाडी पळणं वेगळं आणि दोन माणसं, डबे, बाळंतविडा घेऊन पळणं वेगळं. ही बंद पडली असती तर काकूंनी गाडी भंगारात घातलीच असती, आणि काकांनी पुन्हा दुसरी घेतली नसती. त्या वयात माणूस इच्छा एकदाच धरतो.

बारशाच्या सकाळी ते गॅरेजासमोरूनच निघाले. काकूंनी सीट हातानं दाबून पाहिली, पदर आवळून वर हेल्मेट चढवलं, एका अंगानं बसल्या, पाय साडीगार्डच्या खालच्या पट्टीवर ठेवला. "हां, ही माणसाची सीट हाय." काकांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि थांबले. मी सीटकडं हात नेणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "का वो? दर खेपेला निघताना असंच. पेट्रोल संपलं का?"

मी म्हणालो, "काकू, पाठीवर दोनदा थाप मारा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग काकांच्या पाठीकडं. ज्या पाठीकडं त्या आयुष्यभर जाळीतून बघत आल्या होत्या ती आता हाताच्या अंतरावर होती. त्यांनी दोनदा थापटलं. गाडी निघाली.

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. औसा गेलं असेल, म्हणेपर्यंत फोन वाजला. अनोळखी नंबर. मी पाना टाकून फोन घेतला. निलंग्याच्या एसटीचा तोच ड्रायव्हर, थांब्यावर बस उभी करून बोलत होता.

"मिस्त्री, नंबर तुमच्या बोर्डावरून घेतलाय. काका आत्ता आमच्यासमोर दिसले. रस्त्याच्या कडेला उभे हाईत."

"बंद पडली?"

"न्हाई हो. एसटीचा थांबा हाय तिथं. पुढच्या थांब्यावर बी उभे होते. प्रत्येक थांब्यावर उभे राहून राहिले. काकू पाठीवर हाणून राहिल्या. आमची सगळी बस हसून राहिली. तरी बी आमच्या आधी पोचतील असं वाटतंय."

ते आधीच पोचले. संध्याकाळी निलंग्याहून काकूंचा फोन आला. मागं बाळ रडत होतं, बायका बोलत होत्या. "मिस्त्री, गाडी ब्येस हाय. ड्रायव्हरला सांगा, जनता गाडी न्हाई, विनाथांबा हाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "एका वळणाला लई अंग टाकलं ह्यांनी. मी घाबरले न्हाई, सांगू नका त्यांना."

आता नव्या गाड्या येतात. त्यांचा बॉक्स संगणक लावल्याशिवाय बोलत नाही, दुसऱ्या सालचा भाग टाकला तर तो ओळखही देत नाही. तो बरोबरच वागतो, चूक होऊच देत नाही. पण कपड्याखालचे कान शोधायची मजा त्यात नाही, एवढी खंत मी मनात ठेवतो. उस्तादांना अजून दिवाळीला भेटून येतो. वडिलांना काकांची गोष्ट सांगितली तेव्हा ते पुष्कळ वेळ हसले आणि म्हणाले, "मला बी एकदा निलंग्याला ने तसल्या गाडीवर." नेलं.

पुढच्या महिन्यात काका-काकू गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आले. बाकी काही तक्रार नव्हती. काकूंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक सायकलची घंटी काढली आणि टेबलावर ठेवली.

"थापटून थापटून हात भरून येतोय. ही माझ्या हाताशी बसवा, त्या दांडीवर."

मी पाना घेतला आणि मागच्या दांडीवर, काकूंचा अंगठा पोचेल अशा जागी, घंटी घट्ट बसवली. कोणत्या सालची आहे ते विचारलं नाही.